मानेसाठी स्टँड घेतेस, पण खांद्यालाही विचार

पत्र:

ताई, मी 24 वर्षांची आहे. पुण्यात कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. दिवाळीत एका सीनियरकडून वॅकॉमचा सिन्टिक 16, म्हणजे थेट स्क्रीनवर पेनने चित्र काढायचा टॅब्लेट, सेकंडहँड घेतला, 2019 चं मॉडेल. मागचे पाय उघडून टेबलावर ठेवते आणि दिवसाचे सात-आठ तास काम करते. तीन महिन्यांत मान धरायला लागली आहे. मी डावखुरी, त्यामुळे संध्याकाळी डावा खांदाही ठणकतो. आता स्टँड घ्यायचाय, अडीच-तीन हजार बाजूला ठेवलेत. तीन पर्याय आहेत : रूममेटचा लॅपटॉपचा घडीचा ॲल्युमिनियम स्टँड, तो फुकट मिळेल. खास ड्रॉइंग टॅब्लेटसाठीचा, मागे खटका असलेला. किंवा टेबलाला चिमट्याने बसणारा मॉनिटर आर्म. जास्तीत जास्त अंशांत फिरेल तोच घ्यावा ना? माझी उंची पाच फूट, टेबल घरमालकांचं, नेहमीच्या उंचीचं. (संपादक म्हणतात माझे चेहरे लांबट येतात, पण तो माझ्या ड्रॉइंगचा प्रश्न, स्टँडचा नाही.) – स.

प्रिय स.,

कंसातली शेवटची ओळ तू जाता जाता लिहिलीस, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. ड्रॉइंगला बोल लावण्याआधी एक करून बघ. पाठ खुर्चीला टेकवून बस, मान वाकवू नकोस, आणि स्क्रीनवर नुसत्या हाताने एक मोठा चौकोन काढ. चारही बाजू डोळ्याला सारख्या वाटेपर्यंत दुरुस्त कर. मग त्यावर फूटपट्टी लाव. उभ्या बाजू आडव्यांपेक्षा लांब निघाल्या, तर तुझे चेहरे का ताणले जातात ते तुला कळलं.

स्क्रीन जवळजवळ आडवी असली आणि आपण तिच्याकडे तिरकं बघत असलो की उभी लांबी डोळ्याला आखूड दिसते. मग हात ती भरून काढतो, हनुवटी थोडी खाली नेतो, कपाळ थोडं वर. काढताना चित्र बरोबर दिसतं आणि तेच फोनवर सरळ समोर धरलं की लांबट वाटतं. इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला आमचे ड्रॉइंगचे सर वर्गात फिरायचे. कुणी बोर्ड मांडीवर आडवा धरलेला दिसला की काही न बोलता त्याची वरची कड बोटाने उचलून धरायचे आणि पुढे जायचे. मला त्याचं कारण फार उशिरा उमगलं.

आता मानेकडे येऊ. तुझ्या टॅब्लेटचे पाय स्क्रीनला फक्त 19 अंशांचा कल देतात. त्यात तुझी उंची पाच फूट आणि टेबल उंच, म्हणजे डोळे स्क्रीनच्या फार वर नाहीतच. चित्र नीट दिसावं म्हणून डोळे स्क्रीनच्या समोर आणायला हवेत आणि त्यासाठी शरीराकडे एकच वाट उरते, पुढे वाकायचं. म्हणून ‘ताठ बस’ असं तुला कितीही जणांनी सांगितलं तरी त्याचा उपयोग होणार नाही. ताठ बसलीस की चित्र बिघडतं, चित्र सांभाळलंस की मान. तू आळशी नाहीस आणि तुझी सवयही वाईट नाही, स्क्रीन चुकीच्या जागी आहे.

डोक्याचं वजन साधारण 5 किलो. ते पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंवरचा ताण भराभर वाढतो. न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये याचं गणित मांडलं, त्यात मान 60 अंश वाकल्यावर हा भार 27 किलोंच्या आसपास जातो. हे संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेले आकडे आहेत, माणसांवर मोजलेले नाहीत, त्यामुळे किलोचा हिशेब तंतोतंत धरू नकोस. पण सात-आठ तास वाकून बसणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग स्क्रीन सरळ उभीच करावी का? इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसले होते. स्क्रीन जितकी उभी तितकी मान मोकळी, हे खरं. पण मग हात अधांतरी राहतो. एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण 5 टक्के असतं, म्हणजे 50 किलोच्या मुलीचा एक हात अडीच किलोंचा. आडव्या स्क्रीनवर हे वजन टेबल आणि काच उचलतात. 60 अंशांवर ते खांदा उचलतो. तुझा खांदा आत्ताच ठणकतोय, म्हणून मी तुला मुद्दाम सांगते आहे : स्टँड मानेसाठी घे, पण त्याचा कल ठरवताना खांद्याला विचार.

आणि हा कल दिवसभर एकच नसतो. माझ्या कामाचं सांगते. सकाळी रफ काढताना मी स्क्रीन 45-50 अंशांवर ठेवते. तेव्हा रेषा खांद्यातून येते, हात मोठा फिरतो, मनगट टेकायची गरज नसते, आणि पूर्ण पान एका नजरेत दिसत असल्यामुळे प्रमाण चुकत नाही. इंकिंगला, म्हणजे रफवर पक्क्या रेघा ओढायला, बसले की 20-25 अंशांवर उतरते. पापणीची रेघ काढायची तर करंगळीची कड काचेवर टेकलेली हवीच, नाहीतर रेघ थरथरते. त्या वेळी मी चित्र मोठं करून एकेका तुकड्यावर काम करते, त्यामुळे चेहरा लांबण्याची भीती नसते, प्रमाण आधीच रफमध्ये पक्कं झालेलं असतं. मान मात्र या कामात वाकते, म्हणून इंकिंग सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त करत नाही. रंग भरताना 35 च्या आसपास.

म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा तरी कल बदलायचा. म्हणून ‘किती अंश फिरतो’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. 20 ते 60 मिळाले की बास झालं, 80 अंशांवर चित्र काढायला तू बसणार नाहीस. खरं विचारायचं ते हे, की टॅब्लेट जागचा न उचलता, पेन हातात असताना, दुसऱ्या एका हाताने कल बदलता येतो का? माझा पहिला स्टँड खाचांचा होता. कल बदलायचा तर टॅब्लेट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायचा, मागची काठी एका खाचेतून काढून दुसरीत घालायची, टॅब्लेट परत ठेवायचा, केबल सरळ करायची. दोन मिनिटांचंच काम, पण कामाच्या तंद्रीत कोण करतं? तो स्टँड आठ महिने एकाच खाचेत उभा होता. नावाला ॲडजस्टेबल आणि मान होती तिथेच.

तुझ्या तीन पर्यायांतला रूममेटचा स्टँड मला तुझ्यासाठी नको वाटतो, फुकट असला तरी. दोन बिजागऱ्यांवर उभा असलेला तो ‘झेड’ आकाराचा स्टँड लॅपटॉप वर उचलून धरण्यासाठी केलेला असतो. लॅपटॉपवर कुणी हात टेकून दाब देत नाही, आपण देतो. टॅब्लेट 1.9 किलोंचा, त्यावर टेकलेल्या हाताचं वजन, वर पेनचा दाब, आणि हे सगळं टेबलापासून वर, हवेत. मी असा एक वापरून पाहिलाय. पहिल्या दिवशी छान वाटला. दुसऱ्या दिवशी लांब रेघ ओढताना स्क्रीन पेनाखाली नाचायला लागली, स्प्रिंगच्या गादीवर वही ठेवून लिहावं तशी. आठवड्याभरात बिजागरी इतकी सैल झाली की सकाळी लावलेला कल जेवणापर्यंत आपोआप खाली आलेला असायचा. शिवाय हा स्टँड स्क्रीनची खालची कडही वर उचलतो, आणि तुला नेमकं तेच नकोय. कारण पुढे सांगते.

मॉनिटर आर्म ही चांगली वस्तू आहे, पण तुझ्यासाठी नाही. तो बसवायला टॅब्लेटच्या पाठीला ठरावीक अंतरावर चार भोकं लागतात, 75 बाय 75 किंवा 100 बाय 100 मिलिमीटर. तुझ्या मॉडेलला ती नाहीत. उलटा करून बघ. टॅब्लेट धरणारा वेगळा पाळणा घेऊन बसवता येईल, पण मग गॅस स्प्रिंगच्या आर्मला किमान किती वजन लागतं तेही बघावं लागतं. वजन कमी पडलं तर तो वर वर उचलला जातो आणि पेन टेकलं की खाली दबतो. आणि घरमालकांचं टेबल भुशाच्या बोर्डाचं असेल तर चिमट्याने त्याची कड चुरगळेल. डिपॉझिटमधून ते पैसे कापून घ्यायची वेळ कशाला आणायची?

राहिला खटक्याचा. तोच घे. मागचा खटका दाबला की टेकू मोकळा होतो, हवा तिथे सोडला की अडकतो, आणि सगळं वजन टेबलावर पसरतं. स्क्रीनची खालची कड टेबलालगत राहते, त्यामुळे हाताला टेकायला जागा मिळते. घेण्याआधी काय बघायचं ते सांगते. तुझा टॅब्लेट साधारण 42 सेंटिमीटर रुंद आहे. स्टँडचा वरचा आधार त्याच्या निम्म्याहून बराच जास्त रुंद हवा, नाहीतर कोपऱ्यात रेघ ओढताना टॅब्लेट डुगडुगतो. स्टँडवर टॅब्लेट ठेवून वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर अंगठ्याने दाबून बघ. आधी डाव्या कोपऱ्यावर, कारण तुझा हात तिथे जास्त जाणार. समोरची कड उचलली गेली तर तो स्टँड परत कर. खालची ओठासारखी पट्टी, जिच्यावर टॅब्लेट टेकतो, ती काचेच्या वर येता कामा नये. ती बोटभर वर आली तर दिवसभर मनगटाला रुतते. आणि खटक्याला डावं-उजवं असतं. बऱ्याच स्टँडना तो मधोमध असतो, ते उत्तम. एकाच बाजूला असेल तर तो तुझ्या उजव्या हाताला यायला हवा, डाव्यात पेन असतं. सिन्टिकची ती तीन तोंडांची जाड केबलही बघ. स्टँडच्या पट्टीखाली ती दुमडली जात असेल तर काही महिन्यांत तिथेच तुटेल.

ऑनलाइन घेणार असशील तर मागच्या बाजूचे फोटो नीट बघ आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाच. हातात घेऊन बघायचं असेल तर टॅब्लेटच्या मापाचा पुठ्ठा कापून बरोबर ने. दुकानात टॅब्लेट नाचवण्यापेक्षा ते बरं. स्टँडचे रबरी पाय घसरत असतील तर बोहरी आळीत रबराची शीट मापाने कापून मिळते, तिचा तुकडा खाली घातला की स्टँड जागचा हलत नाही.

पण स. , नुसता स्टँड आणून तुझा खांदा बरा होणार नाही. टेबल फार उंच आहे. नेहमीचं टेबल जमिनीपासून 75 सेंटिमीटर असतं. पाच फूट उंचीची बाई खुर्चीत पाय टेकवून बसली की तिचं कोपर साधारण 60 ते 65 सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टॅब्लेट ठेवण्याआधीच तू खांदा दहा-पंधरा सेंटिमीटर उचलून धरला आहेस, आणि दिवसभर तसाच धरते आहेस. खांद्याचा ठणका मला तरी तिथलाच वाटतो. रूममेटच्या स्टँडवर खालची कड आणखी वर गेली असती, म्हणून मघाशी नको म्हटलं.

टेबलाचे पाय तू कापू शकत नाहीस, तेव्हा खुर्ची वर घे. खुर्चीची उंची बदलत नसेल तर बसायला घट्ट गादी घे, मऊ उशी नको, ती दबते. कोपर टेबलाच्या पातळीला आलं की थांब. आता पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली पाट घे. घरात जेवायचा लाकडी पाट असतो ना, एकावर एक दोन ठेवले की काम भागतं. हे आजच करता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. खुर्ची वर गेली की डोळेही वर जातात, म्हणजे मानेचंही थोडं काम तिथेच होतं. टेबलाला किल्ली लागणारा ड्रॉवर असेल आणि मांड्या त्याला अडत असतील तर मात्र टेबल बदलण्याविषयी घरमालकांशी बोल.

दिवाणजी लोक पूर्वी गादीवर बसून उतरत्या झाकणाच्या लाकडी डेस्कवर दिवसभर खातेवह्या लिहायचे. तो उतार आणि ती उंची बैठकीच्या मापाची होती. तुला खाली मांडी घालून बसायची सवय असेल तर तेही करून बघ, पाठीला भिंत घेऊन, चौरंगावर स्टँड ठेवून. माझे गुडघे आता ते ऐकत नाहीत, पण तुझ्या वयात मी कितीतरी पुस्तकं तशीच केली.

पैसे खर्च करण्याआधी तीन दिवस पुस्तकांवर काढ. टॅब्लेटचे पाय मीट, खाली जुना ड्रॉइंग बोर्ड घे म्हणजे पाठ सगळीकडे टेकेल, बोर्डाची मागची बाजू पुस्तकांच्या चळतीवर टेकव आणि पुढे घसरू नये म्हणून रबराची चटई घाल. तुझ्या टॅब्लेटची उभी बाजू साधारण 28 सेंटिमीटर आहे. त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा 10 सेंटिमीटर वर आली की कल 20 अंश होतो, 14 सेंटिमीटरला 30, आणि 18 ला 40. रोज एका उंचीवर काम कर आणि संध्याकाळी दोनच गोष्टी लिहून ठेव : मान कशी आहे, खांदा कसा आहे. प्रत्येक उंचीवर तो चौकोनही काढ. कुठल्या उंचीवर उभ्या आणि आडव्या बाजू जुळतात ते फूटपट्टी सांगेल. तीन दिवसांच्या नोंदीत 30 पर्यंतच बरं वाटलं, तर महागाचा स्टँड घ्यायची गरजच नाही. सुताराकडून प्लायचा उतार करून घे, तो दोन पिढ्या टिकतो.

कल बदलला की उजेडही बदलतो, तेही याच दिवसांत बघून घे. स्क्रीन आडवी असताना वरची ट्यूबलाइट काचेत दिसते. उभी केली की पाठीमागची खिडकी दिसायला लागते. काचेतला उजेड चुकवायला आपण नकळत मान एका बाजूला कलती करतो. खिडकी शक्यतो बाजूला घे, तुझ्या बाबतीत उजवीकडे, म्हणजे तुझ्याच हाताची सावली चित्रावर पडणार नाही.

लॅपटॉप कुठे ठेवतेस ते तू लिहिलं नाहीस. संदर्भाची चित्रं बघायला दर मिनिटाला एकाच बाजूला मान वळत असेल तर तोही दुखण्याचा एक भाग आहे. टेबल खोल असेल तर लॅपटॉप स्टँडच्या मागे पुस्तकांवर उंच ठेव. नसेल तर संदर्भचित्रं टॅब्लेटच्याच कोपऱ्यात उघड. रूममेटचा घडीचा स्टँड त्या लॅपटॉपसाठी जरूर माग, त्या कामाला तो अगदी योग्य आहे. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट आहे, त्यांनी तर टॅब्लेटला स्टँड घेऊच नये. त्यांची नजर लॅपटॉपवर असते, तेव्हा लॅपटॉप डोळ्यांसमोर येईल इतका वर उचलावा आणि पेन टॅब्लेट टेबलावर सपाट राहू द्यावा.

एक गोष्ट मात्र स्टँडवर ढकलू नकोस. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, पेन हातातून निसटत असेल किंवा कळ मानेतून दंडाकडे उतरत असेल, तर पुस्तकांचा प्रयोग बाजूला ठेव आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. नुसतं आखडत असेल तरी एकदा फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे व्यायाम शिकून घे. मी 20 मिनिटांचा गजर लावते. वाजला की उठते, गॅलरीत जाऊन लांबच्या झाडाकडे बघते, दोन्ही खांदे मागे फिरवते आणि परत बसताना खटका दाबून कल थोडा बदलते.

पाट आणि गादी आज रात्रीच लाव. रविवारपर्यंत तीन दिवसांची नोंद होईल, ती मला पाठव, चौकोनाच्या मापांसकट. मग कुठल्या मापाचा स्टँड घ्यायचा ते आपण दोघी बसून ठरवू.

– ताई